पहिल्या नोकरीचा पोषाख

गेल्या ज्येष्ठांत आमच्या डोंबिवलीच्या घरीं एकाच आठवड्यांत दोन बातम्या आल्या. माझ्या पुतण्याच्या मुलाला मुंबईंत एका कचेरींत पूर्ण वेळेची नोकरी लागली, ही पहिली. आणि त्याच्या पोषाखासाठीं पन्नास हजार रुपयांचा बेत ठरला, ही दुसरी. पहिल्या बातमीनें घरांत पेढे आले, दुसरीनें वाद आला. मुलगा बावीस वर्षांचा. १ जुलैस हजर व्हावयाचें. हातांत अवघे बारा दिवस. त्याच्या आईनें मोबाइलवर चित्रें पाहून यादी केली होती : दोन सूट, दहा सदरे, सहा पाटलोणी, तीन जोड बूट, चार टाय. बापानें दुकानदाराकडे हप्त्यांची चौकशीहि करून ठेवली होती. मुलाच्या शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज अजून जसेंच्या तसें उभें आहे आणि त्याचाहि हप्ता आतां सुरू होणार, याची आठवण करून देण्याचें अप्रिय काम माझ्याकडे आलें. निवृत्त शिक्षकाच्या वांट्याला घरांत अशींच कामें येतात.

थोरल्या बंधूंचें, म्हणजे मुलाच्या आजोबांचें, मत अगदीं दुसऱ्या टोंकाचें. "कपड्यांत काय आहे? आपल्या वडिलांनीं दोन धोतरांत आणि एका कोटांत नोकरी काढली. काम चोख असावें म्हणजे झालें," असें म्हणून त्यांनीं वर्तमानपत्र पुन्हां उघडलें. वडिलांचें उदाहरण खरें आहे. 'एक अंगावर, एक दांडीवर' हाच त्यांचा हिशेब. पण तेंच उदाहरण नीट पाहिलें तर उलट साक्ष देतें. त्यांची नोकरी लागली ती १९४३ सालीं. त्याच वर्षीं सरकारनें कापडावर नियंत्रण आणलें होतें आणि हातभर कापडासाठीं रांगेंत उभें राहावें लागे. अशा दिवसांतहि त्यांच्या कोटाचें बटन तुटलेलें किंवा धोतर मळलेलें कोणीं पाहिलें नाहीं, असें आमची आई सांगत असे. त्यांचे कपडे थोडे होते. पण कपड्यांत कांहीं नाहीं असें ते कधीं मानीत नसत.

वस्त्र, वपु, वाणी, विद्या आणि विनय या पांच वकारांनीं माणसाला मान मिळतो, असें आपले सुभाषितकार सांगून गेले. वस्त्र हें पद अनुप्रासाच्या सोयीनें आधीं बसलें असेल, असें मी वर्गांत सांगत असें. आतां वाटतें, क्रम बरोबर आहे. अनोळखी माणसाची विद्या कळण्यास महिना लागतो, वस्त्र दारांतूनच दिसतें. १९३१ सालीं लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली. तींत महात्मा गांधी पंचा नेसून व शाल पांघरून बसले, आणि डॉ. आंबेडकर नीट बेतलेला सूट घालून बसले. दोघांनींहि आपला वेष विचारपूर्वक निवडला होता. ज्यांच्या कुळाला पिढ्यान्‌पिढ्या मान आपोआप मिळत आला त्यांना 'कपड्यांत काय आहे' असें म्हणणें सोपें जातें. ज्यांना नीटनेटकें वस्त्र अंगावर घातलें एवढ्यावरूनहि गांवानें दटावलें त्यांना तें म्हणतां येत नाहीं. हें मीं बंधूंना सांगितलें. त्यांनीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें, इतकेंच येथें नमूद करतों.

मुलाच्या आईचें म्हणणें निराळेंच निघालें. ती सुरवातीला कांहीं बोलेना. मग पोळ्या लाटतां लाटतां म्हणाली, "काका, तिथें सगळीं मुलें इंग्रजी शाळांतलीं असणार. आपला मुलगा मराठी शाळेंतला. तो बोलायला लागण्याआधींच उघडा पडूं नये, एवढेंच मला वाटतें." हें वाक्य मला लागलें. मराठी शाळेंत मीं अडतीस वर्षें शिकविलें आहे. त्या शाळेंतून बाहेर पडलेल्या मुलाला लाज झांकण्यासाठीं दोन सुटांची गरज भासावी, हा आमच्याच कामावरचा शेरा होता. परंतु तिची भीति खोटी नव्हती. तेव्हां तिची यादी हंसण्यावारी न नेतां, त्या भीतीला खरोखर किती कपडे लागतात याचा हिशेब करावयास मी बसलों.

त्यापूर्वीं एक गोष्ट सांगणें भाग आहे. ती मीं घरांतहि त्या दिवशींच प्रथम सांगितली. १९७९ च्या जूनांत मी कल्याणच्या एका शाळेंत शिक्षक म्हणून लागलों. वय वीस. हजर होण्याच्या आधींच एका दुकानांतून उधारीवर टेरिलीनचे तीन सदरे आणि त्या वेळच्या चालीप्रमाणें खालीं घेरदार अशा दोन पाटलोणी घेतल्या. टेरिलीन हा इंग्लंडांत १९४१ सालीं शोधून काढलेला कृत्रिम धागा. त्याला सुरकुती पडत नाहीं, तो लवकर वाळतो. पण पाणी तो जवळजवळ शोषीतच नाहीं. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत साठ मुलांच्या वर्गांत उभा राहिलों कीं दुसऱ्या तासालाच सदरा पाठीला चिकटे. तें सोसतां आलें असतें. परंतु उधारी फेडतांना चार महिन्यांचा पगार तुटत गेला आणि आश्विनांत धाकट्या बहिणीची शालान्त परीक्षेची फी भरावयाची वेळ आली तेव्हां माझ्याजवळ पैसे नव्हते. आईनें तिच्या माहेरच्या दोन चांदीच्या वाट्या मोडल्या. मला कोणीं एक शब्दहि बोललें नाहीं. बहीण परीक्षा उत्तम तऱ्हेनें पास झाली. आज तिला ती फी आठवतहि नसेल. मला त्या वाट्यांवरची वेलबुट्टी अजून आठवते.

पुतण्यानें दुसऱ्या दिवशीं हप्त्यांचा कागद फाडून टाकला, आणि मुलाला घेऊन खरेदीस निघण्याचें काम मजकडे दिलें.

आम्हां या लोहमार्गावरच्या लोकांना एका गोष्टीचें भान नसतें. कापडाच्या बाबतींत आपला मुलूख मुळींच दरिद्री नाहीं. आगगाडी ठाण्यास १८५३ सालीं आली, कल्याणला पुढच्याच वर्षीं; आणि तिच्या मागोमाग, कांहीं आधीं कांहीं पुष्कळ नंतर, कापडाचे धंदे येथें वसले. ठाण्याची रेमंडची लोंकरी कापडाची गिरणी १९२५ ची. १९४४ सालीं ती सिंघानिया कुटुंबानें घेतली आणि १९५८ सालीं मुंबईंत बॅलार्ड इस्टेटींत तिचें पहिलें दुकान निघालें. देशभर ज्या नांवाचें सुटाचें कापड नवरदेवांनीं मिरविलें तें कापड आमच्या ठाण्याच्या खाडीच्या हवेंत विणलें जात होतें. २००९ सालीं ती गिरणी बंद पडली; त्या जमिनीवर आतां उंच इमारती उभ्या आहेत. कल्याणच्या पुढचें स्टेशन शहाड. तेथें रेयॉनचा कारखाना आहे. खाडीपलीकडे भिवंडीचे यंत्रमाग. मागावरून उतरलेलें कोरें कापड तेथून बाहेर जातें आणि रंगून, नांव छापून, चौपट भावानें परत येतें. आणि १९४९ सालीं नांव मिळालेलें उल्हासनगर! फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी बांधवांनीं लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडून तयार कपड्यांची मोठी पेठ उभी केली. डोंबिवलीचा मुलगा सदरे घेण्यासाठीं मुंबईच्या कांचेच्या दुकानांत जातो, तेव्हां तो पुष्कळदां आपल्या शेजारचेंच कापड गाडीभाडें भरून परत आणतो.

आतां हिशेब. आमचें सूत्र ठरलें : निम्में आधीं, निम्में पहिल्या पगारानंतर. ज्या कचेरींत अजून पाऊल ठेवलें नाहीं तेथें लोक काय घालतात हें चित्रें पाहून कळत नाहीं. एक महिना डोळे उघडे ठेवावे आणि मग उरलेलें घ्यावें. पहिल्या महिन्यास किती सदरे पुरतात? वडिलांच्या सूत्रांत मीं पावसाळ्याची भर घातली : एक अंगावर, दोन दांडीवर, एक इस्त्रीवाल्याकडे आणि एक घडीवर. आषाढांत सुती सदरा घरांत वाळावयास दोन दिवस घेतो, म्हणून दांडीवर दोन. एकूण पांच. त्यांतले दोन बरे सदरे त्याच्याजवळ कॉलेजांतले होते. घ्यावयाचे उरले तीन. पाटलोणी तीन, त्यांतली एक जुनी चालली. दहा आणि सहांचा आंकडा असा तीन आणि दोनांवर आला, तेव्हां मुलाची आई प्रथमच हंसली.

रंग निवडतांना आरसा पाहूं नये, सकाळची जलद गाडी पाहावी. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुण मंडळी नटून येतात तें पाहण्यासारखें असतें. पण तेथें कोणी कोणाच्या खांद्याला घासून चिरडत नाहीं. गाडींत पाठीवरची पिशवी पोटाशीं घ्यावी लागते. तिच्या पट्ट्याचा काळा डाग पांढऱ्या सदऱ्यावर दिवसभर बसतो. म्हणून अगदीं पांढरा एकच. बाकीचे फिकट निळा, बारीक रेघेचा, बारीक चौकडीचा. पाटलोण एक गडद राखी, एक गडद निळी. राखी रंगावर चिखलाचा शिंतोडा वाळला कीं झटकून जातो, काळ्यावर तो ठसठशीत दिसतो. कापड सुती, किंवा सुतांत थोडा कृत्रिम धागा असलेलें. निव्वळ सुती सदरा हवेशीर, पण दादर येईतों त्याला चुण्या पडतात. मिश्र कापडाचा सदरा सुरकुती धरीत नाहीं, पण उकडतो. माझें मत सुताकडे झुकतें. कां, तें वर सांगितलेंच आहे. आंत गंजीफ्राक अवश्य घालावा. तो घाम शोषतो, आणि सदऱ्याचें आयुष्य वाढतें.

तयार सदऱ्याविषयीं एक घोंटाळा सर्वत्र आढळतो. त्यावर ३८, ३९, ४०, ४२ असे आंकडे असतात. ते छातीचे इंच समजून लोक सदरा उचलतात. पुष्कळ कंपन्यांच्या कचेरीच्या सदऱ्यांवर तो आंकडा गळ्याच्या घेराचा, सेंटिमीटरांत असतो. गळ्याचें बटन लावून आंत दोन बोटें सहज जावींत, जास्त नकोत. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोंकावर यावी. बाही मनगटाच्या हाडापर्यंत. शेवटीं, गाडींतील कडी धरावी तसा हात वर करून पाहावें. सदरा पाटलोणींतून बाहेर आला तर तो आंखूड आहे. ही शेवटची परीक्षा कोणताहि दुकानदार सांगत नाहीं. उल्हासनगरच्या गजानन मार्केटांत मीं मुलाला अशी कसरत करावयास लावली तेव्हां आजूबाजूचीं गिऱ्हाइकें थांबून पाहूं लागलीं. पण मग आणखी दोघांनींहि हात वर केले.

दोन सदरे तेथें तयार घेतले, तिसरा आणि दोन्ही पाटलोणी शिवावयास दिल्या. शिवण्याचें कापड घेतांना पन्हा विचारावा. सदऱ्याला ३६ इंच पन्ह्याचें कापड सव्वादोन ते अडीच मीटर लागतें, ५८ इंच पन्ह्याचें एक मीटर साठ सेंटिमीटर. आणि पाटलोणीला ५८ इंची सव्वा मीटर पुरतें. सुती कापड शिंप्याकडे देण्यापूर्वीं एक रात्र पाण्यांत भिजवून वाळवावें, म्हणजे तें काय आटावयाचें तें आधीं आटतें. जातां जातां शब्दांची गंमत : सदरा हा अरबींतून आला, मुळांत 'सद्र' म्हणजे छाती, काज आणि इस्त्री हे दोन्ही पोर्तुगीजांनीं दिलेले. आपल्या अंगावरचा 'भारतीय' सदरा असा तीन समुद्र ओलांडून आलेला आहे.

परंतु शिंप्याच्या दुकानांत ऐकूं येणाऱ्या शब्दांत मला सर्वांत आवडतो तो आपला 'माया'. शिवणीच्या आंत जें कापड जादा सोडतात त्याला माया म्हणतात. वेदान्त्यांची माया ही नव्हे, ही आईची. मुलगा उद्यां अंगानें भरेल, लग्नानंतर पोट सुटेल, तेव्हां ही उसवून कपडा मोठा करतां येतो. तयार पाटलोणींत ती बहुधा पाव इंचावर उरकलेली असते. शिवून घेणाऱ्यानें कमरेला मागच्या शिवणींत दीड इंच आणि पायाशीं दोन इंच माया सोडण्यास आवर्जून सांगावें. 'कापड वांचवा' म्हणून शिंप्याशीं घासाघीस करणारे ग्रहस्थ दोन वर्षांनीं नवी पाटलोण शिवतात.

सुटाचा प्रश्न उरला होता. पुतण्याचा २००० सालच्या लग्नांतला कोट कपाटांत होता. गडद निळा, ठाण्याच्या त्याच गिरणीच्या कापडाचा. कोटाच्या बाबतींत नियम एकच लक्षांत ठेवावा : खांदे जुळले तर कोट जुळला. कंबर आंत घेतां येते, बाही कमी-जास्त करतां येते. खांदे उसवून पुन्हां बसविणें हें नवा कोट शिवण्याइतकें काम आहे, आणि तें क्वचितच साधतें. मुलानें कोट चढविला. खांदे अचूक बसले. कंबरेंत ढगळ, आणि बाही एका इंचानें आंखूड. पोर बापाहून उंच आहे. ठाण्यास गोखले रोडच्या बाजूला माझ्या ओळखीचा एक म्हातारा शिंपी आहे, त्याच्याकडे गेलों. त्यानें बाहीचें अस्तर जरासें उसवलें, आंत बोट घातलें आणि म्हणाला, "सव्वा इंच आहे, गुरुजी. ज्यानें शिवला त्यानें पुढचा विचार केला होता." तो शिंपी आतां हयात नाहीं. त्यानें पंचवीस वर्षांपूर्वीं सोडलेली माया, तेव्हां जन्मालाहि न आलेल्या मुलाच्या मनगटापर्यंत पोंचली. कोट घेऊन परत येतांना पुतण्या गाडींत बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता.

बुटांवर मात्र कंजुषी करूं नये. सदरा स्वस्त चालतो, बूट चालत नाहीं. चामड्याचा एक चांगला काळा जोड घ्यावा, त्याच रंगाचा कमरपट्टा. पहिल्या पगारांतून दुसरा जोड, कारण चामड्याला घाम वाळवावयास एक दिवस विसांवा लागतो. आलटून पालटून वापरलेले दोन जोड रोज वापरलेल्या दोन जोडांपेक्षां पुष्कळ अधिक टिकतात. पावसाळ्यांत चामड्याचा जोड कचेरींतच ठेवावा. येतां-जातां रबरी बूट किंवा सँडल, आणि पिशवींत कोरड्या मोज्यांचा एक जोड मेणकापडांत गुंडाळून. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनीं रुळांतून चालत काढला त्यांना हें सांगावयास नको. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावे, शेगडीजवळ मात्र ठेवूं नयेत, चामडें तडकतें. आणि ज्या घरांत श्रावणांत पुस्तकांना बुरशी येते तेथें कोट व कमरपट्टा बंद कपाटांत विसरूं नये. उघडीप पडेल तेव्हां त्यांना वारा द्यावा.

सगळें मिळून बारा हजारांच्या आंत-बाहेर झालें. बूट, मोजे, गंजीफ्राक आणि कोटाची दुरुस्ती त्यांत आली. कपड्यांची निगा मात्र मुलाकडेच सोंपविली. रविवारीं आठवड्याचे कपडे आपणच पाहावे, सैल झालेलें बटन आपणच टांकावें. आजीनें त्याला सुईंत दोरा ओवावयास शिकविलें. बंधूंनीं बूट पॉलिश करण्याची जुनी रीत दाखविली : आधीं ओला फडका, मग वाळू द्यावें, मग पॉलिश, आणि ब्रश शेवटीं. 'कपड्यांत काय आहे' म्हणणारा माणूस बुटांपाशीं अर्धा तास उकिडवा बसला होता.

१ जुलैच्या रात्रीं नऊ वाजतां तो परत आला, भिजलेला, पण कॉलर जागच्या जागीं. आईनें पाण्याचा पेला देण्याआधींच विचारलें, "काय रे, कसें झालें?" तो म्हणाला, "आई, माझ्या शेजारीं बसणारा मुलगा साताऱ्याच्या मराठी शाळेंतला आहे. आणि आमच्याकडे टाय कोणीच बांधत नाहीं."

त्याच्या आत्यानें मोठ्या हौसेनें आणलेले दोन टाय किंमतीच्या चिठ्ठीसकट अजून खुंटीवर आहेत. कोणाकडे मुंज असेल तर कळवावें.